चार नावांची सुगी

कार्तिक उतरणीला लागला की माझे पाय घरात ठरत नाहीत. तांदूळ निवडायला बसले तर सूप मांडीवर तसंच राहतं आणि मी उठून दारात जाते. शाळेत मुली पाढे म्हणत असतात आणि माझं लक्ष खिडकीबाहेर रस्त्यावर असतं. खानापूरच्या बाजूनं भाताच्या गाड्या यायला लागलेल्या असतात. पोत्यांच्या तोंडाशी पिंजराचे, भाताच्या पेंढ्याचे, बोळे कोंबलेले, बैलांच्या पाठीवर कोंडा बसलेला. गाडी पुढं निघून गेली तरी नव्या भाताचा तो ओलसर, थोडा गोड आणि घशात खवखवणारा वास मागं रेंगाळत राहतो. इतरांना त्या वासानं भूक लागते. मला कुठंतरी निघावंसं वाटतं, आणि कुठं ते सांगता येत नाही.

यंदा हे जरा जास्तच झालंय. लढाई संपून वर्ष उलटलं, तरी पलटणीतली माणसं अजून थोडी थोडी परत येताहेत. बेळगाव स्टेशनबाहेर पत्र्याच्या ट्रंकेवर बसून टांग्याची वाट बघणारा एखादा दिसतो. अंगात खाकी स्वेटर, पायात सरकारी बूट, आणि चेहरा असा, की गाडीतून उतरला खरा पण अजून पोचलेला नाही. बाजारातून येताना मी उगीच वाट वाकडी करून स्टेशनवरून येते आणि एकेकाच्या तोंडाकडं बघते. तिकडं सांबऱ्याला जोंधळ्याची रानं होती तिथं लढाईत विमानं उतरायला पट्टी झाली. अधूनमधून एखादं विमान अजून गावावरून जातं, तेव्हा मुली पाढा अर्ध्यावर टाकून वर बघतात. मी रागावत नाही. मीही बघते.

मला छळते ती सुगी या लढाईच्या आधीची, अगदी आदल्या वर्षाची. पहाटे शिवारावर धुकं असायचं, खळ्यावरच्या गंज्या त्यातून हळूहळू वर यायच्या, आणि दुपारी ऊन असं चटकायचं की सकाळचा गारठा खोटा वाटावा. हवाच दुतोंडी होती. माणसंही तशीच झाली होती. लढाई होणार म्हणायची, आणि त्याच तोंडानं पुढच्या वर्षीची लग्नं ठरवायची.

मी तेव्हा पंचविशीची. माझं लग्न लहानपणी झालं आणि लहानपणीच संपलं. मामांनी मला बेळगावात आणून शिकवलं, ट्रेनिंगला घातलं, आणि त्या वर्षी दसऱ्यानंतर खानापूर रस्त्यावरच्या एका गावात मुलींच्या शाळेवर माझी नेमणूक झाली. शनिवारी दुपारी मी बेळगावला यायची, सोमवारी सकाळी परत जायची. एका दिवसाच्या अंतरात दोन जगं होती, आणि माझं मन दोन्हीकडं अर्धं अर्धं असायचं.

मामा वकील. दिवसभर कोर्टात लोकांची भांडणं लढवायची आणि घरी येऊन जगाचं भांडण मिटवायला बसायचं, असं मामी हसून म्हणायची. त्यांनी चार स्नेही जमवून युद्धविरोधी मंडळ काढलं होतं. एक निवृत्त हेडमास्तर, एक छापखानेवाले, एक तरुण डॉक्टर, मामी आणि मी. रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत सतरंजी पडायची. मामा वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. तिकडं आफ्रिकेत हबसाणात काय झालं, स्पेनमध्ये काय चाललंय, चीनमधल्या शहरांवर विमानांतून बाँब कसे पडले. मंडळाला सगळ्यांत नियमित येणारा माणूस म्हणजे साध्या कपड्यातला पोलीस. तो आत येत नसे, पायरीवर बसायचा. मामी त्यालाही चहा द्यायची आणि तो कप विसळून परत आत ठेवायचा.

मंडळाचं म्हणणं साधं होतं. गेल्या, चौदा सालच्या लढाईत या मुलखातून माणसं गाड्या भरभरून गेली. पुढची लढाई येताना दिसते आहे. या वेळी माणूस द्यायचा नाही. पण साधं म्हणणं पटतंच असं कुठं आहे? सरकारला मंडळ राजद्रोही वाटायचं आणि तालमीतल्या पोरांना नेभळट. "गोरा फुकटात बंदूक धरायला शिकवतोय वकीलसाहेब, शिकू द्या की पोरांना. उद्या त्याच्यावरच रोखता येईल," असं एक तरुण भर सभेत म्हणाला आणि टाळ्या त्यालाच पडल्या. निपाणीला सभा घेतली तर तंबाखूचा हंगाम ऐन भरात. वखारीतून सुटलेल्या चार बायका खोकत खोकत मागं उभ्या राहिल्या आणि अंधार पडायच्या आत घरी गेल्या. परतीच्या मोटारीत मामांनी भाषणाचे कागद घडी करून खिशात घातले. पुढच्या रविवारी सतरंजी मात्र पडली.

गावात माझी खोली गंगाक्काच्या घरात होती. गंगाक्का चाळिशी ओलांडलेली, उंच, कपाळ मोकळं, चालणं असं की मागून येणाऱ्याला धावावं लागे. नवरा यल्लाप्पा चौदा सालच्या लढाईत तुर्कांच्या मुलखात बसऱ्याच्या बाजूला गेला आणि आलाच नाही. तो निघाला तेव्हा मुलगा पोटात होता. तोच भरमा. आता रांगडा गडी झालेला, एकट्यानं पोतं उचलून गाडीत टाकणारा.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, "बाई, तुमचं मालक कशानं गेलं?"

"तापानं. मी लहान होते. चेहरासुद्धा नीट आठवत नाही."

ती म्हणाली, "मला आठवतोय. तेच वंगाळ."

गावच्या चावडीच्या भिंतीत एक पांढरा दगड बसवलेला होता, गेल्या लढाईनंतर सरकारनं दिलेला. त्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेली. चावडीवर बायकांनी चढायची रीत नव्हती, म्हणून मी तो रस्त्यावरूनच बघितला होता. गंगाक्का मात्र रोज सकाळी, पुरुषमाणसं जमायच्या आत, तांब्या घेऊन पायऱ्या चढायची. दगड धुवायची, पदरानं पुसायची आणि वरच्या कडेवर एक फूल ठेवायची. झेंडूच्या दिवसांत झेंडू, एरवी हाताला लागेल ते. तिला कुणी अडवत नसे. तिच्या मालकाचं नाव त्या दगडावर आहे, हे गावात पोराटोरांना ठाऊक होतं.

आणि होते सुभेदार आप्पा. यल्लाप्पाबरोबरच गेलेले, पण परत आलेले. गावात कुणाचं काही अडलं की आप्पांकडं जायचं. माझ्या शाळेची कौलं त्यांनी त्या वयात स्वतः वर चढून चाळून दिली होती. दसऱ्याला कोटावर बिल्ले लावून ते देवळापर्यंत जात, तेव्हा पोरं मागून पावलं मोजत चालायची म्हणे. मला त्यांचा राग कधी आला नाही, आणि तोच घोटाळा होता. कारण सुगी उरकत आली की भरतीचे साहेब गावात येणार, असं आप्पांनीच सांगून ठेवलं होतं. खळ्यावर पोरं दुसरं काही बोलत नव्हती. बूट, आगबोट, रोज पोटभर गव्हाची चपाती.

"तू जाणार का रे?" मी एकदा भरमाला विचारलं.

"आई न्हाय म्हनती," तो बैलांमागं फिरत म्हणाला. "आन् मलाबी तसं कुठं जायाचं हाय? पन बाई, सुगी झाली की मानसाला कसं मोकळंमोकळं वाटतंय बगा. कुठंतर जावावं असं."

मी मामांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते सतरंजीवरून उठूनच उभे राहिले. "आपण तिथं जायचं. एक गाव, एकच, असं व्हायला हवं की जिथून कुणी गेला नाही."

शनिवारी संध्याकाळी मामा आणि हेडमास्तर गावात आले. गंगाक्काच्याच खळ्यावर सभा झाली. आप्पांनी स्वतः घोंगडं अंथरलं, पाहुण्यांना गूळपाणी दिलं आणि समोर मांडी घालून बसले. मामा चांगलं बोलायचे, पण त्या दिवशी ते राष्ट्रसंघावर गेले, तहांवर गेले, कारखानदारांवर गेले. लोक आदरानं ऐकत होते. बैल पिंजर खात होते. मामा शेवटी म्हणाले, "गेल्या लढाईत जी माणसं मेली त्यांची नावंसुद्धा आज कुणाला माहीत नाहीत." एवढं बोलून ते बसले. थोड्या वेळानं एका म्हाताऱ्यानं विचारलं की बांधाच्या खटल्याची तारीख कधी लागेल. मामांनी तेही नीट समजावून सांगितलं.

परत जाताना आम्ही बेळगावच्या गाडीत चढण्याआधी ते मला म्हणाले, "मी काही चुकीचं बोललो का गं?"

"नाही मामा."

"मग?"

मी वर चढून त्यांना हात दिला.

सोमवारी मी बेळगावहून येऊन खोलीचं कुलूप काढते तोच गंगाक्का दारात उभी. हातात तांब्या, चेहरा रागावलेला.

"वकीलसाब म्हनलं, मेलेल्यांची नावंबी कुनाला म्हाईत न्हाईत. आमच्या मालकाचं हाय की. दगडावर हाय. चला, दावते तुमाला. तुमी जाऊन सांगा त्येस्नी."

"चावडीवर? मी?"

"माझ्यासंगट चला. कोन काय म्हनत न्हाय."

मी गेले. तिनं दगड धुतला, पुसला, फूल ठेवलं, आणि एका ओळीतल्या एका शब्दावर बोट टेकवलं. बोट टेकवून टेकवून तिथला दगड थोडा गुळगुळीत झाला होता.

"ह्ये बगा. यल्लाप्पा."

तिचं बोट होतं त्या शब्दाचा अर्थ होता, गाव.

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.

"वाचा की मोठ्यानं," ती म्हणाली. "कवातरी ऐकू दे मलाबी."

खोटं वाचता आलं असतं. तो विचार माझ्या मनात आला आणि मी तिच्या तोंडाकडं बघितलं. इतकी वर्षं ऐकायची राहिलेली गोष्ट ऐकायला ती उभी होती. मला खोटं वाचता येईना.

"या गावातून महायुद्धाला एकवीस माणसं गेली," मी म्हणाले. "त्यांपैकी चौघांनी प्राण दिले."

"आन् फुडं?"

"पुढं काही नाही."

"नाव?"

"नाव कुणाचंच नाही, गंगाक्का."

"नीट बगा. आप्पांनी माझं बोट धरून दावलंय हितं."

मी पुन्हा बघितल्यासारखं केलं. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग दगडाकडं, एखाद्यानं फसवून परकं माणूस घरात आणून बसवावं आणि त्याच्याकडं बघावं तशी. रडली नाही. फूल उचललं, ते कुठं ठेवावं कळेना म्हणून हातातच धरलं, आणि पायऱ्या उतरून घरी गेली.

त्या दिवसापासून ती बोलेना. खळ्यावर एकटी दोन माणसांचं काम करायची. उपणताना सूप असं झटकायची की कोंडा पार बांधापलीकडं जायचा. मी एकदा भीतभीत म्हटलं, "आप्पांना विचारणार का?"

"इचारनार. पन एकटी न्हाय."

मग ती निघाली. चौघांतले बाकीचे तीन कोण, हे गावातल्या जुन्या बायकांना ठाऊक होतंच. रामा कुंभाराची आई आंधळी होऊन सुनेच्या दारात बसलेली होती. नागोजीची बहीण त्याच गावात दिलेली. महंमद पिंजाऱ्याची बायको दुसरा निका लावून गेली होती, पण तिची लेक होती, दोन पोरांची आई. गंगाक्का एकेकीकडं गेली, आणि एकेक जण आमच्या खळ्यावर यायला लागली. हात कामात असायचे आणि बोलणं चालायचं. कोण कसा हसायचा, कोण निघताना काय म्हणून गेला. नागोजीची बहीण सांगायची की तो जाताना तिच्यासाठी बांगड्या आणायचं कबूल करून गेला होता, आणि कितीतरी वर्षं तिनं दुसऱ्या बांगड्या भरताना आधी रस्त्याकडं बघितलं होतं. मी शाळा सुटली की तिथं जाऊन बसायची. मला त्या सगळ्यांपासून उठून पळावंसं वाटायचं आणि उठवतही नसे.

"बाई, साहेब येत्यात त्या दिवशी चावडीवर तुमी येनार न्हवं?" गंगाक्कानं विचारलं.

माझी नोकरी सरकारी. मामा, मामी, सतरंजी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. "येईन," मी म्हणाले.

साहेब आले ते उन्हाच्या वेळी. चावडीपुढं टेबल, त्यावर पांढरं कापड, एक कारकून, उंची मोजायला भिंतीवर खडूची रेघ. साहेब कोवळाच होता, नाक उन्हानं सोललेलं. आप्पांनी कोट घातला होता, बिल्ले लावले होते. पोरं सदरे काढून रांगेत उभी. भरमाही होता. आई नको म्हणते म्हणालेला भरमा, मित्रांच्या रेट्यानं म्हणा की स्वतःहून, रांगेत उभा होता.

खळ्यावरून बायका आल्या. केसांत कोंडा, हात कोपरापर्यंत धुळीचे. आंधळ्या म्हातारीला तिची सून धरून आणत होती. गंगाक्का सगळ्यांच्या पुढं. ती थेट चावडीच्या पायऱ्या चढली आणि दगडापाशी जाऊन उभी राहिली. बाकीच्या तिच्यामागून चढल्या. मीही चढले.

"आप्पा," ती म्हणाली, "आदी ह्यांची नावं घ्या. मग आमच्या पोरांची घ्या."

"गंगे, घरला जा. साहेब बसल्यात."

"बसू द्यात. दगडावर चार हाईत म्हनं. कोन कोन?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. 'तुम्ही वाचून दाखवलंत होय' एवढंच होतं.

"मी तुला दावलं ते तुला कायतरी असावं म्हनून," ते हळू आवाजात म्हणाले. "हातात कायच न्हवतं तुझ्या."

"कळलं मला ते. नावं घ्या."

कारकून काहीतरी बोलायला लागला, आप्पांनी त्याला हातानं थांबवलं. मग ते सरळ उभे राहिले, परेडला राहावं तसे, आणि दगडाकडं तोंड करून म्हणाले, "रामा कुंभार." आंधळ्या म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "नागोजी. महंमद पिंजारी." आणि शेवटी, "यल्लाप्पा."

"कसं मेलं?" गंगाक्का म्हणाली.

"सांगितलंय की तुला. छातीवर गोळी..."

"आप्पा."

आप्पा खाली बसले. पायरीवरच, बिल्ल्यांसकट. "गोळीनं न्हाय मेला गं. दुश्मनाच्या येढ्यात सापडलोतो. खायाला काय न्हाय. मग तुर्कांनी धरलं, आन् चालवत नेलं. नदीच्या कडंकडंनं, लई दिस. हगवन लागलीती त्येला. एका ठिकानी रस्त्याच्या कडंला बसला. मला म्हनला, तू हो फुडं, मी आलोच. शिपाई मागनं हानत हुतं. मी फुडं झालो." त्यांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. "फुडं झालो, गंगे. मागं बघितलं न्हाय."

साहेबानं कारकुनाला विचारलं, कारकुनानं काहीतरी सांगितलं. साहेब उठून उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. त्याला काय वाटलं ते मला कधीच कळायचं नाही. रांगेतल्या एका पोरानं सदरा उचलून अंगात घातला. मग दुसऱ्यानं. थोड्या वेळात रांगच उरली नाही. टेबल दुमडून मोटारीत ठेवलं गेलं. आप्पा पायरीवर बसूनच होते आणि गंगाक्का त्यांच्या शेजारी जाऊन बसली होती, भावाशेजारी बसावी तशी.

रविवारी मंडळात मी हे सांगितलं तेव्हा छापखानेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामीनं शिरा केला. मामा खोलीत येरझाऱ्या घालत होते, "एक गाव झालं, कमळे, एक गाव झालं." पायरीवरच्या पोलिसानंही शिरा खाल्ला. मी माझी वाटी तशीच बाजूला ठेवली. सगळं मनासारखं झालं होतं आणि तरी आत काहीतरी हललेलं जागेवर येत नव्हतं. जो माणूस इतकी वर्षं छातीवर गोळी झेलून पडलेला होता, त्याला आम्ही उठवून रस्त्याच्या कडेला बसवून ठेवलं होतं. त्याचं आता काय करायचं?

आठवडाही गेला नसेल. भरमा भाताची गाडी घेऊन बेळगावला गेला. पोती अडतीवर उतरवली, गाडी शेजारच्या गड्याच्या हाती दिली, आणि तसाच चालत कॅम्पात जाऊन भरती झाला. संध्याकाळी गाडी आली. गंगाक्का अंगणात उभी होती. तिनं बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं, गोठ्यात बांधले. गडी काहीतरी सांगत होता. ती "व्हय, व्हय" म्हणत होती.

तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. एकदाच म्हणाली, "तुमी वाचलंसा म्हनून त्येचा बाप कसा गेला त्ये तरी कळलं. पोरगं का गेलं त्ये न्हाय कळत."

पुढच्या महिन्यात माझी बदली झाली, संकेश्वरच्या बाजूला. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिकडं उसाचा मुलूख. सुगीचा वास वेगळा, गुऱ्हाळांचा, जड. मग लढाई लागलीच. मामांनी बाजारच्या दिवशी चौकात उभं राहून, या लढाईला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, एवढंच म्हटलं आणि तुरुंगात गेले. त्यांना धरून न्यायला आलेल्यांत पायरीवरचा तो पोलीसही होता. मामीनं त्या दिवशीही त्याला चहा दिला आणि त्यानं घेतला नाही. मामा बाहेर आले ते खोकला घेऊन, आणि फार दिवस राहिले नाहीत. आमच्या त्या एका गावातूनही नंतर माणसं गेली. दुष्काळी महागाई आली, पोटं होती, गेली. आप्पांनी मात्र पुन्हा कधी कोणाला नेऊन उभं केलं नाही आणि बिल्लेही लावले नाहीत, असं ऐकलं. ते गेल्याचंही मला ऐकूनच कळलं.

मग आमचं मंडळ कशासाठी होतं? हा प्रश्न मी कितीदा स्वतःला विचारला असेल. कधी वाटतं, ती एक दुपार पुरे. एका दुपारी तरी टेबल दुमडलं गेलं. कधी वाटतं, आम्ही नदीत हात घालून पाणी अडवत होतो. दोन्ही खरं वाटतं आणि दोन्हीनं झोप येत नाही.

यंदा जूनमध्ये मी बेळगावला परत आले. भरमा जिवंत आहे, आला आहे, हे मला दिवाळीत कळलं. तरी जायला इतके दिवस लागले. मागच्या रविवारी, भाताच्या गाड्या उलट दिशेनं येत असताना, मी गावाकडं निघाले.

गंगाक्काचे केस पांढरे झालेत. मला बघून तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, "बाई, वाळलासा की हो," म्हणाली, आणि भाकरी टाकायला आत गेली. भरमा ओट्यावर बसला होता. अंग तसंच रांगडं, पण बसणं बदललंय. पाठ भिंतीला लावून, दाराकडं तोंड करून बसतो. आम्ही पावसापाण्याचं बोललो, बैलांचं बोललो. शेवटी मला राहवेना.

"भरमा, तू का गेलास रे? सगळं ऐकून?"

तो हसला. "ऐकलं म्हनूनच की, बाई. आप्पा बोललं न्हवं, रस्त्याच्या कडंला बसला म्हनून. त्येच्या आदी बाबा म्हंजी दगूड हुता. आईनं धुवायचा. त्या दिवशी पयल्यांदा मानूस झाला. मला त्यो रस्ता बगायचा हुता."

चार नावं घेऊन आम्ही रांग मोडली होती, आणि त्याच नावांतल्या एकानं याला उठवून नेलं होतं.

"आमाला उतरिवलं बी बसऱ्यालाच," तो म्हणाला. "पन रस्ता लई लांब हाय वो. कुठं म्हनून बगायचं? आमची मोटार जिथं थांबंल तिथं मी उतरून कडंला जाऊन बसायचो वाईच. बाकीची हसायची. ह्येला काय झालंय म्हनायची."

"काही वाटायचं?"

"न्हाय. धूळ असायची. खजुरीची झाडं. एकदा असाच बसलोतो तर एक म्हातारी आली, डोक्यावर गवताचा भारा. मला बघून थांबली. भारा खाली टाकला आन् बोलाय लागली. लई बोलली. भांडल्यागत."

"काय म्हणाली?"

"भाषा कुठं कळतीया? पन हातानं असं असं करत हुती." त्यानं हात पुढं करून हलवला, पिकात शिरलेलं वासरू हाकलावं तसा. "जा म्हनत हुती. घरला जा. तेवढं कळलं."

आत फुंकणीचा आवाज थांबला.

"मग लगीच यायाचं न्हाय व्हय रं?" गंगाक्का चुलीपुढूनच म्हणाली.

भरमानं माझ्याकडं बघितलं, मग आपल्या पायांकडं. आतून फुंकणीचा आवाज बराच वेळ पुन्हा आला नाही.